मटियाबुर्जचा राजा आणि एका भैरवीची कुळकथा

सुवर्णमहोत्सवी संगीतसभेची कार्यक्रमपत्रिका तयार करण्याचे काम कार्यकारिणीने आमच्याकडे सोपविले, तेव्हा ते अर्ध्या तासाचे काम असेल अशी आमची समजूत होती. केंद्र सरकारच्या नोकरीत उभा जन्म रकाने भरण्यात गेलेल्या माणसास चार रकान्यांच्या पत्रिकेचे भय वाटावयाचे कारण नव्हते. कलावंत, राग, गीत आणि रचनाकार असे ते चार रकाने. नाट्यपदांपाशी किर्लोस्कर, देवल, खाडिलकर ही नावे बिनबोभाट बसली. अभंगांपाशी संतांची नावे होतीच. गाडी अडली ती शेवटच्या ओळीपाशी. मंडळाच्या एक ज्येष्ठ सभासद भगिनी सभेची सांगता ‘बाबुल मोरा’ या भैरवीतील ठुमरीने करणार होत्या. तिच्या रचनाकाराच्या रकान्यात काय लिहावे याविषयी जमलेल्या तिघांची तीन मते पडली. एकाने सैगलचे नाव सुचविले. दुसऱ्याने ‘पारंपरिक’ असे लिहून मोकळे व्हावे असा व्यवहारी सल्ला दिला. तिसरे गृहस्थ गार्डन रीचला राहणारे. त्यांनी मात्र हे गाणे आमच्या शेजारच्या राजाचे आहे असे अगदी घरचा माणूस असल्याच्या थाटात बजावले.

हा शेजारचा राजा म्हणजे वाजिद अली शाह. कलकत्त्यास बदलून आल्यापासून आम्ही गार्डन रीचच्या रस्त्याने कितीतरी वेळा गेलो असू. एका बाजूस गोदीच्या भिंती, आग्नेय रेल्वेच्या मुख्यालयाच्या इमारती, पुढे जहाजबांधणीचा कारखाना, आणि मग शिलाईयंत्रांची अखंड खडखड ऐकू येणारी मटियाबुर्जची वस्ती. त्या वस्तीत रस्त्याच्या कडेला सिब्तैनाबाद इमामबाडा आहे हे आम्हांस ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि आत पाऊल टाकणे यांत जे अंतर असते, ते काटावयास एका रिकाम्या रकान्याचे निमित्त लागले. एका रविवारी सकाळी आम्ही तेथे गेलो. राजाची कबर आत आहे. आपण मराठी माणसे समाधी म्हटली की घाट, दीपमाळ, पिंपळाचा पार असे काहीतरी डोळ्यांपुढे आणतो. येथे तसे काही नाही. हंड्याझुंबरे आहेत, अवधच्या राजचिन्हातले मासे आहेत, आणि बाहेर ट्रकांचे कर्णे वाजत आहेत.

या ठिकाणाच्या नावाविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. नदीच्या दोन वळणांमधील सरळ पट्ट्यास इंग्रज खलाशी ‘रीच’ म्हणत. हुगळीच्या या पट्ट्याच्या काठी कंपनीच्या अमदानीत बड्या साहेबांनी बागबगिचे करून प्रशस्त बंगले उठविले, म्हणून ते गार्डन रीच झाले. समोरच्या तीरावर शिबपूरची वनस्पतिबाग. एतद्देशीयांनी मात्र आपले नाव सोडले नाही. त्यांच्या लेखी हा मातीच्या बुरुजाचा गाव, मटियाबुर्ज. आणि बंगाली जिभेवर त्याचे मेटियाब्रुज झाले. एकाच भूमीस दोन नावे, आणि दोन्ही नावे देणारे निरनिराळे. गाण्यांच्या बाबतीतही असेच घडते हे पुढे दिसेलच.

वाजिद अलीचा जन्म ३० जुलै १८२२ रोजी लखनौस झाला. अवधच्या अधिपतीस लोक सवयीने नबाब म्हणतात. पण १८१९ पासून कंपनीच्याच प्रोत्साहनाने ते राजपद धारण करीत होते, आणि वाजिद अली हा त्या मालिकेतील शेवटचा राजा होय. राजपद थोर, परंतु राज्य पूर्वीच अर्धे कापले गेलेले होते; १८०१ च्या तहाने निम्मा मुलूख कंपनीच्या घशात गेला होता आणि उरलेल्या मुलखात सैन्य कंपनीचे, सल्ला रेसिडेंटचा आणि दोष तेवढा राजाचा अशी व्यवस्था होती. अशा राज्याचा वारस गाण्याबजावण्याकडे वळला तर नवल ते काय! त्याच्यावर विलासी म्हणून ठपका ठेवणारे इंग्रज लेखक ही बाब सोयीस्करपणे विसरतात. विलासी तो होताच, हेही आम्ही लपवीत नाही. स्वतःच्या प्रेमप्रकरणांची हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेविली आहे आणि तीत आडपडदा फारसा नाही.

परंतु त्याचा व्यासंगही तितकाच खरा. युवराजावस्थेत, १८४३ साली, त्याने ‘राधा कन्हैया का किस्सा’ नावाचे नाट्य रचून ते नाचगाण्यासह करविले. महाराष्ट्रीय वाचकांस ते साल वाचताच काही आठवेल. त्याच १८४३ साली, नोव्हेंबर महिन्यात, सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिले आणि मराठी नाटकाचा श्रीगणेशा झाला. सांगलीस पटवर्धन सरकारांचा आश्रय होता, लखनौस युवराजच नाटककार होता. एकास दुसऱ्याची वार्ता असण्याचा संभव नाही. तरी एका शिया मुसलमान राजपुत्राने राधाकृष्ण घ्यावेत आणि एका मराठी ब्राह्मणाने राम-सीता घ्याव्यात, आणि ते एकाच वर्षी, हा योग आम्हांस मोठा गोड वाटतो.

फेब्रुवारी १८४७ मध्ये तो गादीवर आला. कैसरबाग नावाचा विस्तीर्ण राजवाडा त्याने बांधविला. तेथील ‘परीखाना’ म्हणजे नृत्यगायन शिकणाऱ्या स्त्रियांची शाळाच होती. कथ्थकाचे मोठे गुरू ठाकूरप्रसाद यांच्याकडे राजाने स्वतः नृत्याचे धडे घेतले. जोगियांच्या मेळ्यात तो स्वतः भगवी वस्त्रे परिधान करून बसे आणि प्रजेसही भगवे लेवून आत येण्याची मुभा असे. तो उर्दूत ‘अख्तर’ या नावाने काव्य करी आणि ठुमऱ्यांतूनही ही मुद्रा घाली. अख्तर म्हणजे तारा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ठुमरी वाजिद अलीने शोधून काढली असे पुष्कळदा लिहिले जाते, आणि आमच्या विद्यार्थिदशेत आम्हीही ते खरे मानून चाललो होतो. वस्तुस्थिती अशी की, ठुमरी हे नाव सतराव्या शतकातील फार्सी संगीतग्रंथांतही येते. म्हणजे राजाच्या जन्मापूर्वी दीडशे वर्षे तो शब्द गवयांच्या तोंडी होता. राजाने केले ते एवढेच की, जी ठुमरी नाचणाऱ्या स्त्रियांची म्हणून शिष्टसंमत नव्हती, तिला त्याने सिंहासनाशेजारी आसन दिले. हे कार्य लहान नव्हे. पण एकदा एखादी थोर व्यक्ती एखाद्या प्रांतात वावरू लागली की, त्या प्रांतातील बेवारस वस्तू आपोआप तिच्या नावे जमा होऊ लागतात. अमानतने रचलेली ‘इंदरसभा’ ही राजाच्या दरबारासाठी झाली आणि राजाने तीत इंद्राची भूमिका केली, ही कथा अशीच जमा झालेली. ‘कदरपिया’ या मुद्रेच्या ठुमऱ्या लखनौच्याच दुसऱ्या एका राजपुत्राच्या. त्याही कित्येकांनी राजाच्या पदरात टाकल्या. फार कशाला, कलकत्त्याच्या बिर्याणीत जो बटाटा असतो, तोही राजाच्याच मुदपाकखान्यातून आला असे येथील प्रत्येक खानावळवाला शपथेवर सांगतो. त्या बटाट्याविषयी आम्ही मौन पाळतो. तो चवदार असतो एवढे खरे.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. डलहौसीने सातारा १८४८ साली घेतला, पुढे नागपूर घेतले, झाशी घेतली. त्या सर्वांस औरस पुत्र नसल्याचे निमित्त होते. अवधच्या राजास मुलगे अनेक होते. तेव्हा तेथे गैरकारभाराचे निमित्त काढण्यात आले. फेब्रुवारी १८५६ च्या आरंभी रेसिडेंट औट्रम याने राज्य सोडून देण्याच्या तहाचा मसुदा राजापुढे ठेविला. राजाने सही करण्यास नकार दिला; परंतु तलवारही उपसली नाही. त्याने मस्तकावरील पगडी उतरविली आणि ती औट्रमच्या हाती ठेविली. आपल्याकडे पगडी उतरविण्याचा अर्थ काय होतो हे वाचकांस समजावून सांगावयास नको. औट्रमला तो कितपत समजला, देव जाणे. त्याच आठवड्यात अवध खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला.

मार्च महिन्यात राजाने लखनौ सोडले. कलकत्त्यास गव्हर्नर जनरलपुढे आणि तेथे दाद न लागल्यास विलायतेस राणीपुढे फिर्याद न्यावयाची असा बेत होता. कानपूर, अलाहाबाद, काशी असा मुक्काम करीत, शेवटचा टप्पा गंगेतून आगबोटीने ओलांडून, मे महिन्यात तो मटियाबुर्जच्या घाटाला लागला. प्रकृती ढासळल्याने तो पुढे गेला नाही. त्याची माता मलिका किश्वर मात्र, जन्मभर पडद्यात राहिलेली ती वृद्ध स्त्री, धाकटा पुत्र आणि नातू यांस घेऊन समुद्र ओलांडून लंडनला गेली. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांसाठी रंगो बापूजींनी लंडनात चौदा वर्षे काढली आणि रिक्त हस्ताने परत आले, ही कथा आपण शालेय वयापासून ऐकत आलो आहोत. या माउलीस परतीचा प्रवासही लाभला नाही. तिची राणीशी भेट झाली तेव्हा इकडे १८५७ चा वणवा पेटलेला होता. फिर्याद ऐकणार कोण? जानेवारी १८५८ मध्ये परतीच्या वाटेवर पॅरिस येथे तिचा अंत झाला. तिची कबर तेथेच आहे. त्याच सुमारास राजाचा भाऊही परदेशात निवर्तला.

स्वतः राजाचे काय झाले? उठावाशी त्याचा काही संबंध असल्याचे सिद्ध झाले नाही, तरी जून १८५७ मध्ये त्यास मटियाबुर्जच्या घरातून उचलून फोर्ट विल्यममध्ये ठेवण्यात आले. जुलै १८५९ मध्ये तो सुटला. दोन वर्षांहून अधिक काळ तो किल्ल्यात होता आणि तेवढ्या अवधीत लखनौ उद्ध्वस्त झाले. त्याने मागे ठेविलेली बेगम हजरत महल हिने अल्पवयीन पुत्र बिर्जिस कद्र यास गादीवर बसवून इंग्रजांशी झुंज दिली आणि शेवटी नेपाळात आश्रय घेतला. आपल्या नानासाहेब पेशव्यांचाही माग नेपाळच्या तराईतच लुप्त होतो. किल्ल्यातील दिवसांविषयी राजाने ‘हुज्न-ए-अख्तर’ हे दीर्घ काव्य रचिले. हुज्न म्हणजे शोक.

सुटकेनंतर वार्षिक बारा लाख रुपयांचे निवृत्तिवेतन घेऊन तो गार्डन रीचला जो राहिला तो कायमचा. त्याचे प्रथमचे निवासस्थान म्हणजे पूर्वी सर लॉरेन्स पील या मुख्य न्यायाधीशाचे असलेले आणि पुढे बर्दवानच्या महाराजांकडे गेलेले घर. त्याभोवती त्याने पाहता पाहता एक छोटे लखनौ वसविले. त्या वस्तीचे सर्वांत विश्वसनीय वर्णन अब्दुल हलीम शरर यांनी केले आहे. शरर यांचे वडीलधारे राजाच्या चाकरीत होते आणि नऊ वर्षांचा असताना हा मुलगा मटियाबुर्जला आला. पुढे तो उर्दूतील नामवंत लेखक झाला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे वस्तीची संख्या चाळीस हजारांवर होती. एकामागून एक महाल, बागा, पतंगबाजी, मुशायरे, मोहरमचे ताजिये, आणि एक प्राणिसंग्रहालय. त्यात सापांसाठी केलेला कृत्रिम डोंगरसुद्धा होता. रेशमी पंखांच्या कबुतरांच्या एका जोडीस चोवीस हजार रुपये आणि पांढऱ्या मोरांच्या जोडीस अकरा हजार रुपये मोजल्याचे शरर लिहितात. आमच्यासारख्या, प्रवासभत्त्याच्या बिलावरील आक्षेपास उत्तरे देत आयुष्य काढलेल्या माणसास हे आकडे वाचताना घेरी येते. राजाच्या कर्जाचे कागद सरकारदरबारी सतत हिंडत होते यात आश्चर्य नाही.

पण त्याच पैशातून गवई जगत होते, हेही पाहिले पाहिजे. तानसेनाच्या वंशपरंपरेतील रबाबिये बासत खाँ मटियाबुर्जला होते. सरोदिये नियामतुल्ला खाँ तेथे सुमारे अकरा वर्षे राहिले आणि त्यांचे पुत्र करामतुल्ला व कौकब हे पुढे कलकत्त्याच्या संगीतजीवनात नावारूपास आले. पाथुरियाघाटाच्या ठाकूर घराण्यासारखी रसिक बंगाली कुटुंबे आणि मटियाबुर्जचे कलावंत यांत येणेजाणे सुरू झाले. बंगाल तोवर विष्णुपुरी ध्रुपदाच्या छत्राखाली होता. ठुमरीचा आणि लखनवी कथ्थकाचा लळा त्याला लागला, तो बव्हंशी या वस्तीमुळे. राजा स्वतः लिहीत होता. त्याचा स्वतःचा छापखाना होता. रहस म्हणून ज्या राधाकृष्णलीला तो लखनौस करवी, त्या येथेही त्याने चालू ठेविल्या आणि ‘बनी’ या ग्रंथात त्यांची वर्णने केली. राज्य गेले तरी दिनक्रम गेला नाही.

सप्टेंबर १८८७ मध्ये तो वारला आणि आपणच १८६४ साली बांधलेल्या इमामबाड्यात विसावला. पुढे सहा वर्षांनी बिर्जिस कद्रही त्याच आवारात आला. सरकारने लागलीच महाल, पशुपक्षी, सामानसुमान यांचा निकाल लावण्यास प्रारंभ केला. इमारती पाडल्या गेल्या, जमीन विकली गेली, गोदी आली, रेल्वे आली. थोडे अवशेष आहेत, ते शोधावे लागतात. मटियाबुर्जला आज जो तयार कपड्यांचा प्रचंड व्यापार चालतो, त्याचे मूळ राजाबरोबर आलेल्या दर्ज्यांत आहे असे तेथील कारागीर अभिमानाने सांगतात.

हे झाले राजाचे चरित्र. आता त्या गाण्याकडे.

‘बाबुल मोरा’ हे शब्द म्हणजे गाण्याचे नाव नव्हे. ठुमरीला नाव नसते. तिचा मुखडा हीच तिची ओळख. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदावर कंसात ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द छापलेले असत, हे ज्येष्ठ वाचकांस स्मरत असेल. ती मूळ गाणी आज कोणास येतही नाहीत; पदे उरली आणि चालींची नावे तेवढी कंसात राहिली. आयर्लंडमधील लोकांत व्हायोलिनवर वाजवावयाच्या ‘जिग’ नामक नृत्यधुनांचीही हीच तऱ्हा आहे. एकाच धुनेस एका परगण्यात एक नाव, तर शेजारच्या परगण्यात दुसरे. फ्रान्सिस ओनील नावाचा आयरिश गृहस्थ अमेरिकेत शिकागोच्या पोलिसांचा प्रमुख होता. त्याने आपल्यासारख्याच देश सोडून गेलेल्या वादकांकडून धुना गोळा करून १९०३ साली १८५० चालींचा संग्रह छापला, तेव्हा नावांचा हा गुंता सोडविणे हेच त्याचे एक मोठे काम होऊन बसले. पोलीसच तो, ओळख पटविणे हा त्याचा धंदाच होता.

आमची ठुमरी मात्र नावाच्या गुंत्यातून सुटली आणि बापाच्या गुंत्यात सापडली. तिचा आशय साधा. नैहर म्हणजे माहेर, बाबुल म्हणजे पिता. मुलगी माहेर सोडून चालली आहे, कहार डोली उचलीत आहेत, आपले होते ते परके होत आहे. आख्यायिका अशी की, लखनौ सोडताना राजाने हे गाणे रचिले. माहेर म्हणजे त्याचे लखनौ आणि डोली म्हणजे त्यास घेऊन जाणारी गाडी. आख्यायिका अशी बेतशीर बसते की, मनात शंका घेणे अरसिकपणाचे वाटते. परंतु ज्याचा जन्म दप्तरात गेला, त्यास शंका घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

पहिली शंका मुद्रेची. अख्तर हे नाव आपल्या रचनांत गुंफणाऱ्या या कवीची मुद्रा ‘बाबुल मोरा’च्या प्रचलित पाठात कोठेही येत नाही. दुसरी शंका आशयाची. लेक सासरी धाडताना पित्यास उद्देशून म्हणावयाची गीते उत्तर हिंदुस्थानच्या खेड्यापाड्यांतून फार जुन्या काळापासून चालत आली आहेत. अमीर खुस्रोच्या नावावरही तसले एक गीत सांगितले जाते. आपल्या जात्यावरच्या ओव्यांतील सासुरवाशीण आणि ही मुलगी या सख्ख्या बहिणी आहेत. तिसरी शंका गायकीची, आणि आम्हांस ती सर्वांत वजनदार वाटते. राजाच्या लखनौची ठुमरी नृत्याला जोडलेली, लयदार, बंदिशीच्या बांध्याची. आज ‘बाबुल मोरा’ ज्या संथ, एकेका शब्दाचे शंभर अर्थ उलगडीत जाणाऱ्या ढंगाने गातात, तो बोलबनावाचा ढंग पुढे बनारसच्या बाजूस वाढला. तेव्हा शब्द राजाचे असले तरी आजची चाल त्याने ऐकलेली असेलच असे नाही.

दुसरा पक्षही मांडला पाहिजे. ठुमरीत बोलणारी व्यक्ती नेहमी स्त्रीच असते; आणि स्त्रीच्या तोंडून स्वतःचे मन मोकळे करणे हा वाजिद अलीचा आयुष्यभराचा अभ्यास होता. राधाकृष्णाच्या लीला रचणाऱ्या कवीने आपल्या हद्दपारीस मुलीच्या पाठवणीचे रूप द्यावे, हे त्याच्या स्वभावाला धरून आहे. एखादे जुने लोकगीत त्याने उचलून ठुमरीत बसविले असे मानल्यास दोन्ही पक्षांचे समाधान होते; आमचा कल तिकडेच आहे.

सरकारी भाषेत सांगावयाचे तर कंपनीने अवधचे राज्य त्याच्या नावावरून उतरविले आणि लोकांनी एक गाणे त्याच्या नावावर चढविले. या फेरफारास कागद नाही. पण इतक्या वर्षांत कोणी हरकतही घेतलेली नाही. आमच्या स्वतःच्या गावी सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे. घर पडले, आम्ही दिल्ली, नागपूर, कलकत्ता असे हिंडत राहिलो, आणि नाव बदलून घेण्याचे राहूनच गेले. बदलून घ्यावे असे आता वाटतही नाही.

गाणे पुढे कसे पसरले हे पाहणे मनोरंजक आहे. १९३८ साली न्यू थिएटर्सने ‘स्ट्रीट सिंगर’ हा बोलपट काढला. दिग्दर्शक फणी मुजुमदार, संगीत रायचंद बोराल यांचे. त्यात कुंदनलाल सैगल यांनी रस्त्याने चालत चालत ‘बाबुल मोरा’ गायिले; ते आधी मुद्रित न करता चित्रीकरणाच्या वेळीच प्रत्यक्ष गायिले, अशी त्याची ख्याती आहे. लखनौचा म्हणविणारा राजा जेथे पुरला गेला, त्याच शहराच्या टॉलीगंज भागातील चित्रसंस्थेने ते गाणे साऱ्या हिंदुस्थानच्या ओठांवर नेऊन ठेविले. आमच्या वडिलांच्या पिढीस ते सैगलचेच गाणे वाटे, आणि त्यात त्यांची चूक होती असे आम्ही म्हणणार नाही. चित्रपटाने ते आणखीही उचलले. १९७४ च्या ‘आविष्कार’मध्ये जगजीत आणि चित्रा सिंग यांच्या स्वरांत ते येते. सत्यजित राय यांनी १९७७ साली ‘शतरंज के खिलाडी’त राजाला पडद्यावर आणिले, अमजद खानने तो राजा असा उभा केला आहे की, ‘शोले’तील गब्बरसिंग विसरावा.

महाराष्ट्राशी या कथेचे नाते दूरचे नाही. पूरब ढंगाच्या ठुमऱ्या-दादऱ्यांच्या चाली गोविंदराव टेंब्यांनी १९११ च्या ‘मानापमाना’त आणिल्या आणि बालगंधर्वांच्या कंठातून त्या घरोघर पोहोचल्या. मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीची तबकडी ऐकून गदगचा एक मुलगा गाणे शिकण्यासाठी घरातून पळाला. गुरूच्या शोधात भटकताना काही काळ तो या कलकत्त्यातही नट पहाडी सन्याल यांच्या घरी पडेल ते काम करून राहिला होता. पुढे भीमसेन जोशी होऊन त्यांनी ‘बाबुल मोरा’ असे गायिले की, आमच्या पिढीतील मराठी श्रोत्यास ते गाणे त्यांच्या आवाजातच आठवते.

आणखी एक नाते तर साक्षात विटामातीचे आहे. मुंबईचे वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर हिंडून, घराण्याघराण्यांतून कुलुपात ठेवलेल्या चिजा मिळवून, त्यांचे स्वरलेखन करून छापल्या. १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने लखनौस मॅरिस संगीत महाविद्यालय स्थापन झाले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे मराठी विद्वान दीर्घकाळ त्याचे प्राचार्य होते. आज ते भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे आणि कैसरबागेत त्याचे वर्ग भरतात ते वाजिद अलीच्या परीखान्यात. राजाला हाकलल्यानंतर ज्या दालनांत गाणे बंद पडले, तेथे ते पुन्हा सुरू करविले एका वाळकेश्वरच्या मराठी माणसाने. ही गोष्ट गार्डन रीचच्या आमच्या त्या मित्रास सांगितली, तेव्हा तो क्षणभर गप्प बसला आणि मग राजावरील आपला हक्क त्याने थोडासा सैल केला.

इमामबाड्यातून निघताना तेथील एका वृद्ध सेवकास आम्ही त्या ठुमरीविषयी विचारिले. त्यांनी मान हलविली आणि आमची वहाणा ठेवलेली जागा दाखविली. त्यांस ऐकू कमी येत असावे.

पत्रिकेचा मजकूर दुसऱ्या दिवशी मुद्रकाकडे गेला. शेवटच्या ओळीतील रचनाकाराच्या रकान्यात आम्ही लिहिले होते: पारंपरिक, वाजिद अली शाह (१८२२–१८८७), लखनौ व मटियाबुर्ज, यांची समजली जाते. मुद्रकाने दूरध्वनी करून रकाना अपुरा पडत असल्याचे कळविले. आम्ही त्यास अक्षरे लहान करावयास सांगितले.